भाडे कोण वाटणार?

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोलीपासून कागलपर्यंत, तसेच कोल्हापूरच्या मार्केट यार्डाच्या परिसरात आणि गांधीनगरात ट्रान्सपोर्टची जी लहानमोठी ऑफिसे आहेत, त्यांच्या पायरीशी सकाळच्या वेळी ड्रायव्हर उभे असतात. त्यांत एखादा नवा असतो. भुदरगड किंवा चंदगड तालुक्यातून आलेला, वीस-बावीस वर्षांचा. हलक्या वाहनाचा परवाना मिळून वर्ष उलटल्यावर त्याने जड वाहनाचा परवाना काढलेला असतो, आणि गाडी मालकाची असते. गाडी चालवावयास तो शिकला आहे. आता त्याला दुसरी विद्या शिकावयाची आहे. टेबलामागे बसलेला बुकिंगचा माणूस कोणते भाडे कोणाला देतो, का देतो, आणि चांगले भाडे आपल्याकडे यावे म्हणून काय करावे लागते, ही ती विद्या. ट्रकच्या धंद्यात ‘भाडे’ हा शब्द न्यावयाच्या मालालाही लावतात आणि त्याबद्दल मिळणाऱ्या पैशालाही लावतात. भाषेने येथे जी गोष्ट एका शब्दात बांधली आहे, ती व्यवहारात किती घट्ट बांधलेली आहे, हे कामगार चळवळीने अजून पुरते ध्यानात घेतलेले नाही.

जुने ड्रायव्हर नवख्याला जो उपदेश करतात तो ऐकण्यासारखा असतो. फोन पहिल्या घंटीला उचलावा. गाडी कोठे आहे ते खरे सांगावे. कराडात असताना ‘पेठनाका सोडला’ असे सांगणाऱ्याचे एकदा-दोनदा खपते, तिसऱ्यांदा खपत नाही. ताडपत्री फाटकी नसावी, रस्से पुरे असावेत, विमा आणि फिटनेसची कागदे मुदतीत असावीत. माल उतरल्याची सही-शिक्क्याची पोहोच वेळेवर आणून द्यावी, कारण तिच्यावाचून भाड्याची राहिलेली रक्कम सुटत नाही. पहिली दोन-तीन वाईट भाडी तोंड वाकडे न करता न्यावीत, म्हणजे चौथे बरे मिळते. बुकिंगच्या माणसाला मामा म्हणावे, अण्णा म्हणावे, दिवाळीला विसरू नये. “मामा, औंदा पुण्याचं एखादं बघा की,” हे वाक्य कसे, कोणत्या वेळी आणि कोणाच्या देखत बोलावयाचे नाही, हेही त्यात आले.

हा उपदेश खोटा नाही, आणि त्याची थट्टा करणेही योग्य नव्हे. बुकिंगच्या माणसालाही कारखान्याला उत्तर द्यावयाचे असते. माल रात्रीत निघाला नाही तर त्याची बोलणी तोच खातो. फाटक्या ताडपत्रीतून साखर भिजली तर त्याचे गिऱ्हाईक जाते. पुष्कळ ठिकाणी तो स्वतःही पगारी नोकरच असतो. ज्याच्या शब्दाचा भरवसा वाटतो त्याला तो आधी हाक मारतो, यात अस्वाभाविक काहीच नाही. दोष त्या माणसाच्या स्वभावात शोधणाऱ्यांना तो तेथे सापडणार नाही. सकाळी वीस गाड्या उभ्या आहेत आणि चांगली भाडी तीन आहेत. अशा वेळी विसांनीही फोन पहिल्या घंटीला उचलला तरी तिनाची चार होत नाहीत. एकाला उपयोगी पडणारे शहाणपण सर्वांनी अंगीकारले की त्याचा उपयोग संपतो. त्यातून उरतो तो एवढाच परिणाम, की पूर्वी जे करावे लागत नव्हते ते आता सर्वांना करावे लागते. अदब हा मग गुण राहत नाही. तो कामावर उभे राहण्याचा दर होतो.

चांगले भाडे म्हणजे काय, हे ट्रकच्या धंद्याबाहेरच्या माणसाला सहज उमगत नाही. त्याला वाटते, जास्त पैशाचे ते चांगले. वस्तुतः भाड्याचा पैसा बहुधा मालकाच्या हाती जातो. ड्रायव्हरच्या हाती येतो तो पगार आणि खेपेमागचा भत्ता. म्हणून ड्रायव्हरच्या दृष्टीने चांगले भाडे ते, ज्यात खेप लवकर सुटते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले कास्टिंग घ्या. ते वजनाने जड असते आणि गाडीच्या तळाशीच बसते. उंच रचून बांधावे लागत नाही, पावसाने नासत नाही. पुण्याकडच्या मोटार कारखान्याला ते न्यावयाचे असते, आणि पुणे एका रात्रीत गाठता येते. परंतु त्या कारखान्यांनी आपली गोदामे आता लहान केली आहेत. सुटा भाग लागेल त्या दिवशीच दारात यावा, असा त्यांचा आग्रह असतो, आणि लागण्याआधी आला तर तो गाडीतच थांबतो. गोदामाचे भाडे वाचते ते असे. ट्रक हेच गोदाम होते आणि ड्रायव्हर त्याचा रात्रंदिवसाचा पहारेकरी. याबद्दल त्याला वेगळे काही मिळत नाही. म्हणून त्याच कास्टिंगचे भाडे एका कारखान्याचे सोने असते आणि दुसऱ्याचे शिक्षा. कोणाचे कोणते, हे बुकिंगच्या टेबलावर सर्वांना ठाऊक असते.

गुळाचे तसेच. दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे सौदे सुरू झाले की गुजरातची भाडी निघू लागतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान जिल्ह्याने बाळगला तो योग्यच. मात्र हा गूळ ऊन लागले की पाझरतो आणि ओल लागली की सुटतो, आणि तो पाझरला की बोलणी खाणारा पहिला माणूस ड्रायव्हर असतो. साखरेच्या पोत्यांत तूट आली तर ती भाड्यातून कापली जाते आणि मालक ती भत्त्यात शोधतो. इचलकरंजीचे कापड लांबच्या राज्यांत प्रक्रियेला जाते. ते लांबचे भाडे नव्या ड्रायव्हरला मोहात पाडते, आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखातल्या दलालाच्या दारात चार दिवस बसल्यावर त्याचा मोह उतरतो. परतीच्या भाड्याची गोष्ट तर सर्वांत कठीण. आपल्या गावात निदान मामा म्हणावयास माणूस असतो. परगावी तोही नसतो. रिकामी गाडी आणली तर मालक डिझेलचा हिशेब विचारतो, आणि पडेल भावाने भरून आणली तर भाव पाडल्याचा बोल ऐकावा लागतो.

कोल्हापूरला रेल्वे संपते. पुढे कोकणात उतरावयाचे तर घाट आहेत, आणि वैभववाडीचा नियोजित रेल्वेमार्ग अद्याप कागदावर आहे. जिल्ह्याचा एवढा मोठा व्यापार रस्त्याच्या भरवशावर चालतो, आणि तो रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले आणि जवळपास आठवडाभर वाहतूक ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. रांगेत अडकलेल्या ड्रायव्हरांना आसपासच्या गावांनी भाकरी पुरविल्या, हे कोल्हापूरच्या माणुसकीला साजेसेच झाले. पण त्या दिवसांची मजुरी कोणी दिली? खेपेवर भत्ता ठरलेला असेल तर आठवडाभर उभी राहिलेली खेपही एकच खेप. नुकसानीच्या याद्यांत शेते आली, घरे आली, दुकाने आली. ड्रायव्हरचे बुडालेले दिवस मोजण्यासाठी रकानाच नव्हता.

तेव्हा भाड्याची निवड हा मजुरीचा प्रश्न आहे. ज्या हाती भाडे वाटण्याचा अधिकार, त्या हाती ड्रायव्हरची मजुरी वाढविण्याचा, कापण्याचा आणि त्याच्या झोपेचे तास ठरविण्याचा अधिकार. आठवडाभराचे वाईट भाडे नाकारण्याची सोय नसते, कारण नाकारणारा दुसऱ्या सकाळी पायरीशी उभा राहिला तरी दिसत नाही. वजनाचेही तेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा जादा माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. गाडी चालविणारा आणि चालविण्यास लावणारा, दोघेही त्या कलमात येतात. रस्त्यावर मात्र चालविणाराच सापडतो. भरण्याचा हुकूम देणारा काट्याच्या पावतीवर नसतो. ‘दोन टन जास्त आहेत, पण पुढचे भाडे तुलाच देतो’ असे ऐकल्यावर नव्या ड्रायव्हरने काय करावे, याचे उत्तर जुन्या ड्रायव्हरांच्या उपदेशात नाही.

कायद्याने या माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडले होते असे नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ साली झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुटी हे सर्व त्यात होते. मात्र तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच सरसकट लागू होता. या देशात ट्रकचे बहुसंख्य मालक एक-दोन गाड्यांचे. म्हणजे ज्यांच्यासाठी कायदा हवा त्यांतले बहुतेक उंबऱ्याबाहेरच. तो उंबरा खाली आणावा, अशी मागणी कामगार चळवळीने करावयाची, तर घडले उलटे. हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यात पाचाच्या जागी दहा हा आकडा बसला. दुसरीकडे मालाला मात्र काटेकोर घड्याळ मिळाले आहे. ई-वे बिलाची मुदत पूर्वी दर १०० किलोमीटरला एक दिवस होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. सरकारी यंत्रणेत मालाचा प्रवास तासागणिक नोंदला जातो. तो नेणारा माणूस शेवटचा कधी झोपला, याची नोंद ठेवणारे बिल अजून निघालेले नाही.

काम वाटणाऱ्या हाताचा हा प्रश्न नवा नाही, आणि मराठी कामगाराला तर तो मुळीच अपरिचित नाही. गिरणगावात तो जॉबरच्या रूपाने उभा होता. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगारांची गर्दी, आणि कोणाला आत घ्यावयाचे हे ठरविणारा जॉबर. त्याला दस्तुरी पोहोचवावी, त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारी करावी, तेव्हा साच्यावर उभे राहता येई. १९३१ साली अहवाल देणाऱ्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीची स्पष्ट नोंद केली. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली नियंत्रण योजना आणली. ती कामगारांवरच्या प्रेमापोटी नव्हती, हे सांगावयास नको. तरीही काम मिळण्याचा हक्क जॉबरच्या मर्जीतून निघून एका कार्डावर आला, ही लहान गोष्ट नव्हती. मुंबईच्या गोदीत हेच काम टोळीवाला करी. गोदी कामगार पी. डिमेलो यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले, १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, त्याखाली मुंबईची योजना झाली, आणि नोंदलेल्या कामगाराला पाळीने काम देण्याची पद्धत पडली. त्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा. मालक, कामगार आणि शासन यांचे मंडळ, कामगाराची नोंदणी, मजुरी मंडळाकडून, मालकाकडून लेव्ही आणि तिच्यातून भविष्य निर्वाह निधी. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला कायम मालक नसतो, म्हणून त्याला हक्कच नसावेत, हा जुना न्याय महाराष्ट्राने त्या कायद्याने मोडला. त्या मंडळांची आजची दुरवस्था आणि त्यांत शिरलेली गुंडगिरी यांविषयी बोलावयास हवेच. त्या निमित्ताने कायद्याचाच गळा घोटू पाहणाऱ्यांपासून सावध राहावयास हवे, तेही तितकेच खरे.

परंतु या विषयात सर्वांत पुढचे पाऊल पडले ते सॅनफ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर. तेथे गोदी कामगार पहाटे रस्त्यावर अर्धवर्तुळात उभे राहत, आणि मुकादम बोट दाखवील त्याला काम मिळे. बोट आपल्याकडे वळावे म्हणून काय काय करावे लागे, ते वेगळे सांगावयास नको; कोल्हापूरच्या पायरीवरचा ड्रायव्हर ते ओळखील. ९ मे १९३४ रोजी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील या कामगारांनी संप पुकारला. ५ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले, आणि त्यानंतर सॅनफ्रान्सिस्को शहर चार दिवस सार्वत्रिक संपाने बंद राहिले. संपकऱ्यांच्या मागण्यांत मजुरी होती, तास होते. पण ज्या मागणीवर ते हटून बसले ती म्हणजे काम वाटण्याची जागा युनियनच्या हाती असावी. ऑक्टोबर १९३४ मधील लवाद निर्णयाने ही जागा मालक आणि युनियन यांनी मिळून चालवावी असे ठरले, मात्र काम वाटणारा माणूस युनियनने निवडावयाचा. कामगारांनी मग नियम केला, की ज्याचे आजवरचे तास सर्वांत कमी त्याला पहिली हाक. बोट दाखविणारा मुकादम गेला. त्याच्या जागी कामगारांच्या मतांनी निवडलेला, आणि पुढच्या निवडणुकीत काढून टाकता येईल असा डिस्पॅचर आला. तो वशिला लावू लागला तर काय, असा प्रश्न विचारणाऱ्यांना याहून चांगले उत्तर मिळालेले नाही.

येथे कोणी म्हणेल, की ट्रकच्या धंद्यात ‘नंबर’ लावण्याची पद्धत आहेच. अनेक बाजारपेठांत ट्रकमालकांच्या संघटना नंबरवारीने भाडी वाटत आल्या आहेत. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण नंबरचा इतिहास सर्वस्वी उजळ नाही. पंजाबात ट्रक युनियनांनी बाहेरच्या गाडीला माल भरू द्यावयाचा नाही आणि दर आपणच ठरवावयाचे, असा खाक्या चालविला. तेथील सरकारने २०१७ साली अशा मक्तेदारीवर बंदी घालणारे नियम केले. हिमाचल प्रदेशात दार्लाघाट आणि बरमाणा येथील सिमेंट कारखान्यांसाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांनी आणि माजी सैनिकांनी ट्रक घेतले, सहकारी संस्था केल्या आणि माल वाहण्याचा नंबर आपल्या हाती ठेवला. अदानी समूहाने हे कारखाने घेतल्यावर दर परवडत नाहीत या कारणाने डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही ठिकाणचे उत्पादन बंद केले, आणि सदुसष्ट दिवसांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ट्रकवाल्यांनी दरात सुमारे दहा-बारा टक्क्यांची कपात मान्य केली तेव्हाच ते सुरू झाले. ज्या हाती नंबर आहे त्याच्या हाती सौदा करण्याची शक्ती असते, हे बड्या भांडवलाला पुरते कळते. कपात झाली, परंतु ती एका संघटनेशी बोलून करावी लागली. एकेकट्या मालकाला फोनवर दर सांगून ती सदुसष्ट मिनिटांत झाली असती.

मात्र हे सारे नंबर गाडीचे आहेत, माणसाचे नाहीत, हा भेद विसरून चालणार नाही. गाडीचा नंबर लागला, तरी त्या गाडीवरचा ड्रायव्हर किती दिवस घराबाहेर आहे, त्याच्या भत्त्याचे काय झाले, हे त्या वहीत नसते. एक-दोन गाड्यांचा मालक हा हप्त्यांच्या ओझ्याखाली दबलेला असतो आणि अनेकदा स्वतःच स्टिअरिंगवर बसतो. तो चळवळीचा शत्रू नव्हे. परंतु त्याची संघटना ती ड्रायव्हरची संघटना, असे मानणे ही चूक आहे. जानेवारी २०२४ च्या आरंभी ही चूक सर्व देशाला दिसली. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील कलम १०६(२) विरुद्ध ड्रायव्हर स्वतःहून रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, दोन दिवसांत केंद्र सरकार हलले. चर्चेला बोलाविले गेले ते मात्र मालवाहतूकदारांच्या अखिल भारतीय संघटनेला. कलम स्थगित राहिले, हे यश खरे. टेबलाच्या त्या बाजूस ड्रायव्हर म्हणून बसण्यास एकही माणूस नव्हता, हेही खरे.

आता भाडे वाटणारा हात मोबाइलच्या पडद्याआड जाऊ लागला आहे. ब्लॅकबक ही या धंद्यातली कंपनी २०१५ साली बंगळुरात निघाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली. तिच्यामागून इतरही आल्या. दलालाची लाचारी संपेल, असे या मोबाइल मंचांविषयी सांगितले जाते, आणि परमुलखात परतीचे भाडे शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग होतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणते भाडे कोणाला आधी दाखवावयाचे, हे ज्या नियमाने ठरते तो नियम ड्रायव्हरला दिसत नाही. मामाला निदान रागावून विचारता येत असे. यंत्राला मामा म्हणता येत नाही, एवढाच फरक पडून वाटणीचा अधिकार जर पूर्वीसारखाच एकतर्फी राहणार असेल, तर जॉबरच्या जागी जॉबरचे यंत्र आले इतकेच म्हणावे लागेल.

एका बाबतीत कार्यकर्त्यांनी विशेष जपावयास हवे. माल भरण्या-उतरण्याचा खर्च, ज्याला वाराई म्हणतात, तो गाडीच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे, आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मालवाहतूकदारांची घोषणा तिच्याच विरुद्ध आहे. घोषणा न्याय्य आहे. माल व्यापाऱ्याचा, तो उतरवून घेणारा व्यापारी; मग हमाली ड्रायव्हरने आपल्या खर्चीतून का द्यावी? परंतु बाजाराच्या आवारात हे भांडण व्यापाऱ्याशी होत नाही. ते ड्रायव्हर आणि हमाल यांच्यात लागते, आणि व्यापारी गादीवरून ते पाहतो. हमालाला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, ती मालधन्याने दिली पाहिजे, आणि ही मागणी हमाल पंचायतीच्या आणि ड्रायव्हरांच्या एकाच निवेदनात आली पाहिजे. ती दोन निवेदनांत गेली, तर दोन्ही परत येतील.

सॅनफ्रान्सिस्कोचा डिस्पॅचर शिरोलीत उद्या निवडून येणार नाही. ड्रायव्हर विखुरलेले आहेत, मालक शेकडो आहेत, आणि महिन्यातील बहुतेक रात्री सभासद गावाबाहेर असतो. अशा माणसांची सभा भरविणे हेच मुळी अवघड काम. तरी काही गोष्टी आजही मागता येण्याजोग्या आहेत. मालाचे बुकिंग करणारा एजंट आणि दलाल हे २००७ च्या रस्तामार्ग वाहतूक अधिनियमात येतात, त्यांना नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी कोणाची आहे आणि कोणाची नाही, हे परिवहन कार्यालयाकडून विचारून घेता येईल. ऑफिसात आलेल्या गाडीची वेळ फळ्यावर लिहावी, आणि जादा वजन नाकारल्याबद्दल कोणाचा नंबर जाऊ नये, ही मागणी ज्या ऑफिसांतून सर्वाधिक भाडी निघतात तेथून सुरू करता येईल.

त्याआधीचे काम त्याहून साधे आहे. माल उतरल्यावर पोहोचेवर सही आणि शिक्का होतोच. त्याच कागदावर गाडी दारात आल्याची वेळ आणि रिकामी झाल्याची वेळ अशा दोन वेळा लिहून घ्याव्यात, आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. सही देणाऱ्याने वेळ लिहिण्यास नकार दिला तर ड्रायव्हरने ती स्वतः लिहावी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील कार्यकर्त्यांनी महिनाभर अशा पोहोची गोळा केल्या, तर कोणत्या कारखान्याच्या आणि कोणत्या गोदामाच्या दारात गाड्या किती तास उभ्या राहतात, याची यादी तयार होईल, आणि हॉल्टिंगची मागणी घेऊन पहिल्यांदा कोणाच्या दारात जावयाचे ते तिच्यावरून ठरविता येईल.